उभी केलेली फळी

मित्रांनो, भिवंडीत धामणकर नाक्यावरून आत वळलं की एका गल्लीत कामगारांचे अर्ज भरून देणारं एक केंद्र आहे. त्याच्या दारावर हिरव्या रंगाची आणि सोनेरी अक्षरांची जी पाटी आहे, ती मी. पाटी म्हणून मी नवी आहे, फळी म्हणून जुनी. येणारे-जाणारे अक्षरं वाचून म्हणतात, किती छान लिहिलंय. अक्षरं गोडच आहेत. लाकूड मात्र कडू झालंय, आणि आज मी अक्षरांच्या वतीने नाही, लाकडाच्या वतीने बोलणार आहे.

माझा जन्म काही थोर घराण्यातला नाही. एका कारखान्यात परदेशातून नवा लूम आला, त्याच्या खोक्याचं मी लाकूड. लूमला मालकाने हार घातला, नारळ फोडला आणि खोकं मागच्या भिंतीशी फेकून दिलं. तिथे मी पावसाळाभर पडून होते. एका उंदरिणीने माझ्या आडोशाला दोनदा पिल्लं घातली. लाकूड म्हणून माझा तेवढाच उपयोग चालला होता.

त्या कारखान्यात रघू मिस्त्री होता. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली, तेव्हा दोन्ही कान गेले. सगळे त्याला ‘बहिरा रघू’ म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, कारण त्याला कुठे ऐकू येणार आहे! रघू ओठ वाचतो, हे त्या शहाण्यांच्या लक्षात आलंच नव्हतं. त्याला सगळं कळत होतं.

खरं सांगू का, लूम चालू असताना त्या कारखान्यात सगळेच बहिरे असत. धागा तुटला, ताण्याच्या सुताचा बीम संपला, चहा आला, मालक आला, सगळं हातांनी सांगायचं. तेवढा वेळ रघू कोणापेक्षा कमी नसे. उलट त्याच्यासारखे हात कोणाचे बोलत नसत. वीज गेली आणि लूम थांबले, की बाकीचे तोंडाने बोलायला लागत आणि तेवढ्यापुरता रघू एकटा बहिरा होई. हे मी भिंतीशी पडल्या पडल्या रोज बघत होते, आणि पुढे माझ्या आयुष्यात जे घडलं ते मला या एका गोष्टीमुळेच समजलं.

कान गेल्याचा दाखला काढायचा म्हणून रघू एकदा या केंद्रात आला. इथे संगणकावर अर्ज भरायला वैशाली बसत असे. ती खारबावच्या पलीकडच्या एका गावची. लहानपणी तापात तिचे पाय गेले. ती शिकली, दोन गल्ल्या सोडून खोली घेऊन राहिली आणि चाकाच्या खुर्चीतून स्वतः कामावर यायला लागली. दारापर्यंत ती स्वतः येई. दारात पुराच्या पाण्यापासून बचाव म्हणून जोतं उंच घेतलेलं, त्याला दोन पायऱ्या. तिथे तिची खुर्ची थांबे आणि दोन पुरुष तिला काखेत हात घालून उचलून आत नेत. रघूने ते पाहिलं. अर्जाचं राहिलं बाजूला, त्याने खिशातून टेप काढला आणि पायऱ्या मोजायला बसला.

“आठ फुटांची फळी लागंल,” तो त्याच्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाला. “मंग तू एकटी वर जाशील. ढकलायला कोन नको ना?”

“कोन नको,” वैशाली म्हणाली. शहरात इतकी वर्षं काढूनही गावच्या माणसाशी ती गावचंच बोलायची.

आठ दिवसांत रघूने मला घडवलं. खोक्याच्या तीन फळ्या शेजारी शेजारी घेतल्या, खालून आडव्या पट्ट्या ठोकल्या, चाक अडू नये म्हणून दोन्ही टोकं उतरती तासली. वरून जुन्या मशीनच्या पट्ट्याचं रबर ठोकलं, म्हणजे ओल्या दिवसात चाक घसरायला नको. एका बाजूला दोरीची मूठ बसवली. मग स्वतः दोन पोती सूत खांद्यावर घेऊन माझ्यावरून चार वेळा वर-खाली गेला. मी कुरकुरले नाही. त्याने माझ्यावर थाप मारली. आयुष्यात मिळालेली ती माझी पहिली शाबासकी.

पुढची सहा वर्षं मी त्या दारात आडवी पडून काढली आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यात ती सहाच वर्षं काय ती खरी होती. केंद्राचा शिपाई सावळाराम सकाळी मला टाकायचा, संध्याकाळी उचलून बोळात उभी करायचा. नऊच्या सुमाराला वैशाली यायची. माझ्या पायथ्याशी थांबायची, ओढणीला तळवे पुसायची आणि तीन दमात वर. पहिल्या दिवशी वर पोचल्यावर ती मागे वळून उगीचच खाली आली आणि पुन्हा वर गेली. सावळाराम हसला तेव्हा म्हणाली, काही नाही, बघत होते. मला तेव्हा लाकूड असूनही भरून आलं.

माझ्यावरून ती एकटी जात नव्हती. गुडघे धरलेले म्हातारे विणकर जात, आठवा महिना लागलेल्या बायका जात, पाण्याचे जार जात, एकदा तर लोखंडी कपाट गेलं. मी कोणासाठी आहे हे माझ्यावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून कोणालाच माझी लाज वाटत नव्हती. चिखलाच्या चपला, बिडीची थोटकं, थुंकी, सगळं अंगावर घेतलं. फडकं कधी लागलं नाही. रबर झिजलं की रघू येऊन दुसरं ठोकून जाई, एवढीच काय ती माझी देखभाल.

मी शब्दांची वैरीण आहे असं समजू नका. शब्द लागतात. गावात वैशालीला ‘लंगडी’ म्हणून हाक मारत तेव्हा तिला लागत असे, आणि ते ती विसरलेली नव्हती. अर्ज भरताना तिच्यासमोर शब्दांचा नुसता बाजार असे. एका खात्याच्या अर्जात एक शब्द, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात दोन्ही आणि पुढे टक्के. यंत्रात बोटं गेलेला एक उत्तरेकडचा कामगार एकदा अर्जावर बोट फिरवत विचारत होता, “दीदी, इसमें मैं कौन-सा हूँ?” वैशालीने कागद आपल्याकडे ओढला. “पहले नाम बताओ भैया,” ती म्हणाली, “बाकी बाद में.” म्हणून केंद्रात नवं धोरण येणार, इमारत सगळ्यांना वापरता येईल अशी करणार आणि माणसांचा उल्लेख नीट करणार हे कळलं, तेव्हा सगळ्यांत आधी खूश झाली ती वैशालीच.

केंद्राचा व्यवस्थापक दीपेश. खाडीकाठच्या जमीनवाल्या घरातला, मनाने वाईट नाही, पण मोठं कोणी येणार म्हटलं की त्याचा जीव वर-खाली व्हायचा. केंद्राला मदत देणारे पाहुणे वर्षाअखेर पाहणीला येणार होते. त्याआधी धोरण व्हायला हवं म्हणून त्याने मुंबईहून अशी धोरणं लिहून देणाऱ्या मृणाली मॅडमना बोलावलं. मॅडम हुशार होत्या, बोलणं मृदू होतं. त्यांनी ठरवलं की धोरणाचं पहिलं प्रकरण भाषेचं असावं. चुकीच्या शब्दाने केलेली चांगली सोयही अपमान करते, असं त्या म्हणाल्या. वैशालीने मान डोलावली. मीही डोलावली असती.

पण झालं असं की दारातल्या पक्क्या उताराचा नकाशा तोवर तयार होता आणि त्याच्या डोक्यावर जुना शब्द होता. तो बदलायला नकाशा परत गेला. नवा शब्द घालून आला तर कोणीतरी म्हणालं, हा शब्द काहींना आवडत नाही. पुन्हा गेला. मग मधे जोडरेघ हवी की नको यावर अडला. सिमेंटवाला दोनदा येऊन विचारून गेला. धोरण मंजूर झाल्याशिवाय काम काढायचं नाही असं ठरलेलं, आणि धोरण पहिल्या प्रकरणातच बसकण मारून बसलेलं. आठ महिने गेले. माझी काही तक्रार नव्हती, मी होतेच की दारात.

शेवटी शब्द पक्का करायला समितीची सभा घेतली. सभागृह वरच्या मजल्यावर. जिना बावीस पायऱ्यांचा. सगळे वर गेले आणि वैशाली खाली संगणकाशी राहिली. ज्यांना काय म्हणावं हे ठरवायचं होतं त्यांच्यातली त्या इमारतीत ती एकटीच, आणि तीच खाली. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही असं नाही. सावळारामच्या आलं. तो खाली येऊन म्हणाला, ताई, तुझं काय ते लिहून दे, मी नेतो.

तिने लिहिलं, आणि सावळारामने जिन्याशी थांबून मोठ्याने वाचलं म्हणून मला ठाऊक आहे: “हाक मारायची तर नावाने मारा. अर्जात लिहायचं तर ज्याचं त्याला विचारून लिहा. दारावरच्या पाटीत माणूस कसा आहे ते लिहू नका, वाट कशी आहे ते लिहा. पायरी नसलेली वाट इकडून, एवढं पुरे.”

थोड्या वेळाने वर टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या तिच्या चिठ्ठीसाठी होत्या. सावळाराम हिरमुसला होऊन खाली आला. चिठ्ठी सगळ्यांना फार आवडली म्हणे, मॅडमनी ती जपून ठेवली. पण पाटीवर तेवढंच लिहिलं तर कोरडं वाटेल, त्यात आदर दिसत नाही, असं दीपेशचं म्हणणं पडलं, आणि मॅडमनी त्याला फारसा विरोध केला नाही. पाटीचा मजकूर ठरला: ‘सन्माननीय दिव्यांग बंधू-भगिनींचे हार्दिक स्वागत.’

त्यानंतर आठवड्याने वैशाली भाचीच्या हळदीला गावी गेली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, तेव्हा आठ दिवस तरी जाणारच. आणि नेमका पाहुण्यांचा दिवस अलीकडे आला. रंगारी तयार, मजकूर तयार, पाटीला लाकूड नाही. दीपेशची नजर बोळात उभ्या असलेल्या माझ्यावर गेली.

“ही घे,” तो सावळारामला म्हणाला. “चांगलं जुनं लाकूड आहे.”

“साहेब, ही वैशालीताईची वाट हाय.”

“वाट आता सिमेंटची होणार ना रे, पंधरा दिवसांत. तोवर आपण दोघं उचलून घेऊ तिला.”

सावळाराम माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नोकरीला अजून चार वर्षं होती. त्याने मला बोळातून बाहेर काढलं, आणि त्याच्यावर रागावण्याइतका माझा अधिकार नाही. माझ्या अंगावरचं रबर उपटून काढलं. रघूने ठोकलेले खिळे पक्कडीने ओढले. सुताराने रंधा मारून रबराखाली उमटलेल्या चाकांच्या खुणा साफ केल्या. सहा वर्षांचे ते दोन समांतर वळ होते, सुतार म्हणाला, केवढं खराब झालंय हे. मग भिंतीवर आठ फूट बसेना म्हणून करवतीने पाच फुटांवर कापलं. उरलेले माझे तीन फूट कोणीतरी पाणी तापवायला नेले. रंगाऱ्याने हिरवा रंग दिला, अक्षरं काढली, पहिला शब्द जरा मोठा काढला, आणि मला दारावर उभी ठोकली.

सोमवारी वैशाली आली. हातावर मेंदी होती. सवयीने तिने तळवे ओढणीला पुसले आणि खाली पाहिलं. खाली दोन पायऱ्या होत्या. मग तिने वर पाहिलं आणि मला वाचलं. सावकाश वाचलं. माझ्या उजव्या कडेला एक गाठ आहे, ती रंगातूनही दिसते. त्या गाठीवर तिची नजर थांबली आणि तिने मला ओळखलं. मित्रांनो, त्या क्षणी मला जळून राख व्हावंसं वाटलं.

दीपेश आणि सावळाराम हात पुढे करून आले. “हात लावू नका,” ती म्हणाली. दीपेश म्हणाला, अगं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. पण माझ्याआधीचं एक वर्ष तो विसरला होता, ती विसरली नव्हती. रोज सकाळी दोन पुरुषांच्या हातांवर आत जायचं, कोणाचा हात कुठे लागेल ते मुकाट सोसायचं, तहान लागली तरी पाणी प्यायचं नाही, कारण पुन्हा बाहेर न्यायला कोणाला तरी हाक मारावी लागेल. ते वर्ष तिने ज्या नोकरीसाठी काढलं ती नोकरी तिला हवी होती. पण स्वतःच्या चाकांवर आत जाऊन हवी होती. पोतं होऊन नको होती.

ती गल्लीतच बसली. मांडीवर पाट घेऊन, मोबाईलवर अर्ज भरत. रघूला कळलं तसा तो तिसऱ्या दिवशी नवी फळी डोक्यावर घेऊन आला. दीपेशने त्याच्यापुढे धोरणाचं पान धरलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हलवता येणारी, तात्पुरती फळी ठेवू नये, तिने वापरणाऱ्याच्या सन्मानाला बाधा येते. उतार पक्का आणि मापातच हवा. रघूने दीपेशचे ओठ शेवटपर्यंत वाचले.

“कागद बराबर हाय तुमचा,” तो म्हणाला. “पन ती बाहेर हाय.”

फळी परत गेली. दीपेशला वाईट वाटलं नसेल असं नाही, पण पाहुणे दोन दिवसांवर आले होते आणि पाहुण्यांपुढे धोरण मोडायचं कसं? पाहुणे आले, मला पाहून प्रसन्न झाले. वैशालीला माझ्याखाली, पायऱ्यांच्या अलीकडे थांबवून फोटो काढला. फोटोत पायऱ्या येऊ नयेत म्हणून फोटोवाल्याने थोडं वरून घेतलं. मुख्य पाहुण्यांनी तिला विचारलं, इथे काम करताना कसं वाटतं?

“माझं टेबल आत आहे साहेब,” ती म्हणाली. “तुम्ही बघून या आणि मला सांगा कसं आहे.”

साहेब हसले, मग हसू आवरलं, मग घड्याळ पाहिलं. दीपेशचा चेहरा उतरला. पुढच्या आठवड्यात वैशालीला पत्र मिळालं. तिच्या सोयीचा विचार करून तिने यापुढे घरून काम करावं असं त्यात लिहिलं होतं. घरी संगणक नव्हता आणि तो कोणी दिला नाही. पत्रातला एकही शब्द चुकीचा नव्हता. मॅडमनी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे लिहिलेलं ते पहिलं पत्र होतं.

वैशाली आता नाक्यावर एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. दुकान रस्त्याला सपाट आहे, पायरी नाही. जागा एवढीशी, कानाशी रिक्षांचे हॉर्न, मिळकत निम्मी. केंद्रात यायचे ते विणकर आता तिकडे जातात. अजून इकडे येतात ते मला वाचून विचारतात, वो दीदी किधर गई?

पाच महिन्यांनी पक्का उतार झाला. खोटं कशाला बोलू, चांगला झाला. मापात आहे, कठडा आहे. पहिले काही दिवस त्याच्यावर मोटारसायकली उभ्या राहात, त्याही दीपेशने हटवल्या. मग तो स्वतः नाक्यावर जाऊन वैशालीला घेऊन आला. तिचं टेबल तसंच ठेवलंय, उद्यापासून ये म्हणाला. मला वाटतं त्या दिवशी त्याला मनापासून चूक सुधारायची होती.

वैशाली उताराच्या पायथ्याशी थांबली. तळवे पुसले. एका दमात वर आली, इतका सोपा उतार तिला कधी मिळाला नव्हता. दाराच्या आत तिचं टेबल तिला दिसत होतं. मी बरोबर तिच्या डोक्यावर होते. ती वर बघत म्हणाली, “आधी ही काढा.”

दीपेश गोंधळला. पाटीत वाईट काय आहे, असं त्याने विचारलं. ती धोरणात आहे, समितीने ठरवलेली आहे, काढायची तर वर सभा घ्यावी लागेल, असं सांगत राहिला. ती ऐकून घेत होती. तिला ते टेबल हवं होतं, हे तिच्या मुठींवरून मला दिसत होतं. चाकांवरच्या तिच्या मुठी एकदा पुढे सरकल्यासुद्धा.

“हिच्यावरून मी सहा वर्षं आत गेले,” ती म्हणाली. “हिच्याखालून न्हाय जानार.”

आणि खुर्ची वळवून ती उतारावरून खाली गेली. मी हाक मारू शकत नव्हते. माझ्या तोंडावर तर स्वागत लिहिलेलं होतं.

सभा अजून झालेली नाही. सावळाराम रोज सकाळी स्टुलावर चढून मला ओल्या फडक्याने पुसतो. कोपरे पुसतो, अक्षरांची वळणं पुसतो, पुसताना माझ्याकडे बघत नाही. उन्हाने रंग उडू नये म्हणून वर पत्र्याची पट्टी लावली आहे. इतकी निगा माझी उभ्या आयुष्यात कोणी राखली नव्हती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आमची काळजी घ्या. मी हात जोडून उलटं मागते. माझी काळजी घेऊ नका. मला पुसू नका, रंगवू नका, पत्रा लावू नका. तुमच्या दाराशी माझ्या जातीची एखादी फळी असेल तर तिच्यावरून चाकं जाऊ द्या, चिखल जाऊ द्या, तिला झिजू द्या. आणि कोणाला काय म्हणावं असा प्रश्न तुम्हाला पडला, तर चांगलंच आहे, जरूर विचारा. फक्त विचारायला खाली या.